दुरून पृथ्वी साजरी

आपल्या पूर्वजांनी म्हणी तयार करताना प्रवासखर्चाचा फार बारकाईने विचार केलेला दिसतो. ‘दुरून डोंगर साजरे’ हीच म्हण घ्या. डोंगरावर गेलं की काटे टोचतात, पायाखालचे दगड निसटतात, वर पोचल्यावर प्यायला पाणी नसतं आणि उतरताना गुडघे बोलायला लागतात. तेव्हा बाबांनो, घरीच बसा आणि खिडकीतून दिसेल तेवढा डोंगर साजरा माना, असा त्या म्हणीचा काटकसरी सल्ला आहे. वीस-बावीस वर्षं बँकेत कारकुनी केलेल्या माणसाला हा सल्ला पटायला वेळ लागत नाही. गृहकर्जाच्या जाहिरातीतलं हसतमुख कुटुंब दुरून किती साजरं दिसतं! पगारातून पहिला हप्ता कापला गेला की डोंगर जवळ आला असं समजावं. बदलीचं गावही दुरूनच चांगलं. लग्नाआधी पाहायला आलेला स्थळाचा फोटो... पण सौ. माझे लेख वाचते, म्हणून हे उदाहरण मी इथेच थांबवतो.

सांगायचा मुद्दा असा, की लांबून दिसणाऱ्या सौंदर्यावर मराठी माणसाचा विश्वास नाही. लांबून दिसतो तो देखावा आणि जवळ गेल्यावर टोचतं ते सत्य, असा आपला साधा हिशेब आहे.

या हिशेबाला सुरुंग लावणारी काही माणसं जगात आहेत. १९६१ साली युरी गागारिन यांनी सुरुवात करून दिल्यापासून आजवर सहाशेच्या वर माणसं अंतराळात जाऊन आली. माणसाला जितकं दूर जाता येतं तितकं दूर ती गेली, तिथून त्यांनी मागे वळून पाहिलं, आणि परत आल्यावर त्यांतल्या अनेकांनी एकच गोष्ट सांगितली : पृथ्वी फार सुंदर आहे, फार नाजूक आहे, आणि हे तुम्हाला खालून कळायचं नाही. फ्रँक व्हाइट नावाच्या अमेरिकन लेखकाने १९८७ साली या अनुभवावर एक पुस्तकच लिहिलं आणि त्याला नाव दिलं ‘ओव्हरव्ह्यू इफेक्ट’. म्हणजे वरून पाहिल्याचा परिणाम. आपल्या भाषेत सांगायचं तर दुरून पृथ्वी साजरी, आणि तेच सत्य.

आता मी पडलो खातेवहीचा माणूस. दोन नोंदी एकमेकींशी जुळल्या नाहीत की मला जेवण गोड लागत नाही. पूर्वज म्हणतात दूरचं खोटं, अंतराळवीर म्हणतात दूरचंच खरं. यांत बरोबर कोण? आणि अंतराळवीर बरोबर असतील तर माझ्यासारख्याने करायचं काय? आमच्या बँकेची प्रवास सवलत कन्याकुमारीच्या पुढे जात नाही. ज्याला वर जाऊन पाहणं परवडत नाही त्याला पृथ्वीची किंमत कधी कळायचीच नाही का?

आधी अंतराळवीरांची बाजू नीट ऐकून घेऊ. समोरच्याचं बोलणं पुरं होऊ देणे ही सवय काउंटरवर बसून लागते.

१९६८ च्या डिसेंबरात अपोलो ८ या यानातून फ्रँक बोरमन, जिम लव्हेल आणि बिल अँडर्स हे तिघे चंद्राला प्रदक्षिणा घालायला गेले. चंद्राजवळ पोचलेली ही पहिली माणसं. त्यांना काम नेमून दिलेलं होतं ते चंद्राचे फोटो काढायचं. पुढच्या मंडळींना कुठे उतरता येईल ते ठरवायचं होतं. पहिल्या तीन प्रदक्षिणांत यानाचं तोंड अशा दिशेला होतं, की पृथ्वी उगवताना त्यांना दिसलीच नाही. चौथ्या प्रदक्षिणेत, २४ डिसेंबरला, यान वळवताना चंद्राच्या करड्या, ओसाड कडेवरून निळी-पांढरी पृथ्वी वर येताना अँडर्स यांच्या नजरेला पडली. ते उत्साहाने ओरडले आणि रंगीत फिल्मचा रोल मागू लागले. तेव्हा बोरमन त्यांना चेष्टेने म्हणाले, की तो फोटो काढू नकोस, तो वेळापत्रकात नाही!

हे वाचल्यापासून मला बोरमन यांच्याविषयी विलक्षण आपुलकी वाटते. पौणेचार लाख किलोमीटरांच्या पलीकडे गेला तरी माणसाच्या आतला हेडक्लार्क रजेवर जात नाही. पृथ्वी जर आमच्या ऑफिसात उगवली असती, तर ‘अर्ज तीन प्रतींत आणा आणि जेवणाच्या सुट्टीनंतर उगवा’ असंच तिला सांगण्यात आलं असतं. सुदैवाने अँडर्स यांनी फोटो काढला. वेळापत्रकात नसलेला हा फोटो जगभर गेला. त्याची बरोबरी करणारा दुसरा फोटो एकच, ७ डिसेंबर १९७२ रोजी अपोलो १७ मधून सुमारे २९,००० किलोमीटरांवरून काढलेला, पृथ्वीचा पुरता वाटोळा मुखडा दाखवणारा. अँडर्स पुढे सांगत असत, की आम्ही गेलो होतो चंद्राचा शोध घ्यायला आणि शोध लागला तो पृथ्वीचा.

त्याच प्रवासात लव्हेल यांनी खिडकीसमोर आपला अंगठा धरून पाहिला. अंगठ्यामागे अख्खी पृथ्वी झाकली गेली.

अंगठ्याचं महत्त्व आम्हा बँकवाल्यांना वेगळं सांगायला नको. ज्याला सही येत नाही त्याचा आम्ही अंगठा घेतो. सावकाराच्या कागदावर एक अंगठा उमटला की त्याखाली सातबाऱ्यावरची सगळी जमीन झाकली जाते, हे महाराष्ट्राने कैक पिढ्या पाहिलं आहे. पण सगळे सातबारे, सगळ्या बँका, सगळे सावकार आणि सगळे कर्जदार एकाच अंगठ्याखाली येतात, हा हिशेब त्याआधी कुणी मांडला नव्हता.

आपली माणसंही यात मागे नाहीत. ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा सोयूझ यानातून वर गेले. पंतप्रधान इंदिरा गांधींनी त्यांना विचारलं, वरून भारत कसा दिसतो? त्यांनी इक्बालांच्या सुप्रसिद्ध गीताच्या शब्दांत उत्तर दिलं आणि सारा देश सुखावला. पुढे २०२५ च्या जूनमध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले. पंतप्रधानांशी बोलताना त्यांनी भारत नकाशातल्यापेक्षा मोठा आणि भव्य दिसतो असं सांगितलं. आणि वरून देशांच्या सीमा दिसत नाहीत, पृथ्वी एकच वाटते, असंही सांगितलं. काही विद्वानांना यात विसंगती दिसेल. मला दिसत नाही. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी गच्चीवर गेले की आधी आपलं गाव कुठल्या बाजूला ते बोटाने दाखवतात आणि मग म्हणतात, ‘वरून सगळं कसं छान दिसतं, नाही?’ आपलं घर सापडल्याशिवाय माणसाला जग सापडत नाही.

सीमा दिसत नाहीत हे मात्र दिवसापुरतं खरं आहे. रात्री एक सीमा दिसते आणि ती आपलीच आहे. भारत आणि पाकिस्तान यांच्या मधल्या कुंपणावर जे झगझगीत दिवे लावलेले आहेत, त्यांची नारिंगी रेघ अंतराळ स्थानकावरून काढलेल्या फोटोंत स्पष्ट उमटलेली आहे. शेजाऱ्याशी असलेलं भांडण आकाशातून दिसावं इतक्या नेटाने चालवणं, यालाही एक तप लागतं.

तर अंतराळवीरांची बाजू ही अशी. ऐकताना मी भारावून जातो. परंतु भारावलेला ग्राहक आणि सुधारलेला ग्राहक यांत फरक असतो, हे काउंटरच्या आतल्या बाजूला बसणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे पासबुक छापून घ्यायला रांग लागते. गृहस्थ पासबुक हातात घेतात, चष्मा वर करून शिल्लक पाहतात, त्यांचा चेहरा पडतो. ‘छे छे, आता पुढच्या महिन्यापासून हात आखडता घ्यायला हवा!’ असं मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणतात आणि समोरच्या मिठाईच्या दुकानात शिरतात. शिल्लक दिसणं आणि शिल्लक राखणं ही दोन वेगवेगळी खाती आहेत. एकातून दुसऱ्यात रक्कम आपोआप वळती होत नाही.

पृथ्वीचं पासबुक १९६८ साली रंगीत छापून मिळालं. त्या वर्षी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे भाग होते सुमारे ३२३. सगळ्या जगाने तो फोटो पाहिला, भिंतीवर लावला, शाळेच्या पुस्तकात छापला. २२ एप्रिल १९७० रोजी अमेरिकेत पहिला वसुंधरा दिन साजरा झाला, त्यामागेही या फोटोची प्रेरणा होती असं म्हणतात. आणि २०२४ साली तोच आकडा होता सुमारे ४२४. फोटो पाहून चेहरा पडला, पण मंडळी समोरच्या दुकानात शिरलीच.

एवढंच कशाला, ज्यांनी तो फोटो काढला ते अँडर्स १९९१ मध्ये जनरल डायनॅमिक्स या कंपनीचे प्रमुख झाले. आणि ही कंपनी रणगाडे, पाणबुड्या वगैरे बनवणारी. मी हा त्यांचा दोष म्हणून सांगत नाही. अंतराळातून आलेल्या माणसालाही घर चालवायचं असतं आणि त्यांच्या देशाच्या दृष्टीने ते मोठं जबाबदारीचं काम होतं. मला म्हणायचंय ते इतकंच, की पृथ्वी अंगठ्याएवढी दिसली म्हणून माणूस दुसऱ्या दिवसापासून साधू होत नाही. सौंदर्य माणसाला हलवतं. पण हलवलेलं भांडं थोड्या वेळाने पुन्हा आपल्या जागी बसतं.

मग आपले पूर्वजच बरोबर म्हणायचे का? जवळून पाहणाऱ्याला जास्त कळतं का? आमची आजी सकाळी उठल्यावर जमिनीवर पाय ठेवण्याआधी जमिनीला हात लावायची आणि पाय लागतो म्हणून तिची क्षमा मागायची. आजीने पृथ्वी कधी वरून पाहिली नव्हती. तिचा सर्वांत लांबचा प्रवास पंढरपूर. तरीही पृथ्वी नाजूक आहे, तिला आपला पाय लागतो, हे तिला रोज सकाळी चहाच्या आधी आठवत असे. ही मोठीच गोष्ट आहे. पण खातेवहीत दोन्ही बाजू लिहाव्या लागतात. हीच आजी घरातलं निर्माल्य न चुकता नदीत सोडायची. त्या काळी निर्माल्यात फक्त फुलं असत आणि नदीला बारा महिने पाणी असे, म्हणून नदीने ते चालवून घेतलं. आज तिच्या पणतवंडांनी तीच श्रद्धा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पुलावरून सोडली, तर नदीला ती झेपत नाही. म्हणजे जवळून केलेली भक्तीही पुरत नाही असं दिसतं.

दूरचं पाहणं पुरत नाही, जवळचं पूजणं पुरत नाही. मग पुरतं तरी काय?

याचं थोडंसं उत्तर मला त्या अंतराळ स्थानकातल्या संसारात सापडलं. तिथे मंडळी महिनोन्‌महिने राहतात. सुनीता विल्यम्स तर जून २०२४ मध्ये आठेक दिवसांसाठी म्हणून गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये परतल्या. (आमच्याकडे चार दिवसांसाठी येणाऱ्या आत्याबाईंचा हिशेब साधारण असाच असतो, पण त्यांना आणायला यान पाठवावं लागत नाही.) तर या स्थानकावर पाण्याची बचत इतकी कडक, की घाम, श्वासातली वाफ आणि लघवी यांतलं सगळं पाणी गोळा करून, शुद्ध करून पुन्हा प्यायला वापरतात. शंभरातले जवळजवळ अठ्ठ्याण्णव भाग परत मिळवतात. ती माणसं खाली आपापल्या घरी असताना नळ उघडा ठेवून दाढी करत नसतील असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. वर गेल्यावर ती काटकसरी झाली, कारण वर टाकी डोळ्यांसमोर असते आणि रोज मोजली जाते.

खाली आपल्याला टाकी दिसत नाही, हा सगळा घोटाळा आहे. आकाश अथांग आहे असं लहानपणापासून शिकवल्यामुळे हवाही अथांग असणार अशी आपली समजूत. प्रत्यक्षात ही टाकी केवढी आहे हे मी एकदा मध्य रेल्वेच्या हिशेबात बसवून पाहिलं. अशी कल्पना करा, की लोकल छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून निघाली, पण रूळ आडवे नसून थेट वर गेलेले आहेत. चिंचपोकळी सोडून गाडी करी रोडला पोचायच्या आतच पृथ्वीवरची निम्मी हवा खाली राहिली. शीव यायच्या आधी पाऊण हवा संपली. आणि कर्जतला, शंभराव्या किलोमीटरला, गाडी थांबली की आपण रीतसर अंतराळात उतरलो. अंतराळ स्थानक सुमारे चारशे किलोमीटरांवर. मुंबईहून रस्त्याने कोल्हापूर जितकं, त्याच्या थोडंसं पुढे. तांबडा रस्सा खाऊन लोक रातोरात परत येतात तेवढ्या अंतरावर. अण्णांच्या कपाटावर अजून त्यांचा शाळेतला पृथ्वीगोल आहे, फूटभर व्यासाचा. त्या मापाने, पाऊण हवा मावते तो थर होतो पाव मिलिमीटरचा. त्यावर एक पोस्टकार्ड चिकटवलं तर तेवढी जाडी. सगळे पाऊस, सगळे वारे, सगळी विमानं आणि सगळे श्वास त्या पोस्टकार्डात.

आता अण्णांविषयी सांगायला हवं. अण्णा म्हणजे आमचे तीर्थरूप. तीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला. वाऱ्यांच्या दिशा चुकणाऱ्या मुलांना ते वाऱ्यावर सोडत नसत. २०२१ च्या एप्रिलात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, अण्णांना धाप लागली. वय अठ्ठ्याहत्तर. डॉक्टरांनी घरीच ठेवायला सांगितलं आणि आम्ही भाड्याने एक ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मिळवला. हे यंत्र बाहेरून काही आणत नाही. खोलीतलीच हवा ओढून घेतं, तिच्यातला नायट्रोजन बाजूला काढतं आणि उरलेला प्राणवायू नळीतून नाकाशी पोचवतं. त्याचा आवाज जुना फ्रीज आणि रवंथ करणारी म्हैस यांच्या मधला. अण्णांच्या बोटाला चिमट्यासारखा ऑक्सिमीटर. त्यावर लाल आकडे : ९१, ८९, ९२.

मी कारकून. भीती वाटली की मी रकाने आखतो. एका वहीत मी वेळ, आकडा, शेरा असे तीन रकाने आखले आणि दर अर्ध्या तासाने नोंद करू लागलो. सौ. म्हणाली, ‘अहो, ते काय बँकेचं खातं आहे का?’ मी काही बोललो नाही. पण पहाटे माझा डोळा लागला तेव्हा तीन वाजताची आणि साडेतीनची नोंद तिच्या अक्षरात होती. चवथ्या रात्री आकडा ८७ झाला. त्या रात्री मला जगात त्या एका आकड्यापलीकडे काही दिसत नव्हतं. लव्हेल यांच्या अंगठ्यामागे अख्खी पृथ्वी मावली होती. अण्णांच्या बोटावरच्या त्या चिमट्यात आमची अख्खी मावली. वीज जाईल या धास्तीने मी पंख्याच्या पात्यांकडे पाहत बसलो होतो. शेरा या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, म्हणून तो मी रिकामा ठेवला.

सकाळी आकडा ९० झाला, मग ९३. तीन आठवड्यांनी यंत्र परत गेलं. त्यानंतर अण्णा रोज सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून नुसते श्वास घेत बसू लागले. एके दिवशी मला म्हणाले, ‘वातावरणात एकवीस टक्के प्राणवायू असतो, हे मी तीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलं. धडा मात्र मला या एप्रिलात कळला.’ मग थोडा वेळ थांबून त्यांनी विचारलं, ‘त्या यंत्राचं रोजचं भाडं किती होतं रे?’ मी सांगितलं. ‘मग अठ्ठ्याहत्तर वर्षांचं किती झालं?’

‘व्याज धरून?’ मी विचारलं.

‘नको,’ अण्णा म्हणाले, ‘मुद्दलच झेपायची नाही.’

ती वही मी टाकलेली नाही. तिच्याकडे पाहताना मला असं वाटू लागलं आहे, की दूर की जवळ हा प्रश्नच बाजूला ठेवावा. ज्याच्यावर आपलं प्रेम असतं त्याच्या नोंदी आपण ठेवतो. सुंदर दिसणाऱ्याचा फोटो काढतात. ज्याच्यावाचून चालणार नाही त्याचा ताप दर दोन तासांनी मोजतात. पृथ्वीच्या बाबतीत हे मोजण्याचं काम कुणी केलं हे शोधायला गेलो, तर मला तिथे चक्क आमच्या जातीची माणसं भेटली. कारकून!

चार्ल्स कीलिंग नावाच्या शास्त्रज्ञाने १९५८ साली हवाई बेटांतल्या मौना लोआ या डोंगरावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. २००५ साली मरण येईपर्यंत हे काम त्याने सोडलं नाही. त्यासाठी पैसे मिळवताना त्याला वारंवार झगडावं लागलं. रोज तेच ते मोजणाऱ्याला पैसे देताना जगातली सगळी ऑफिसं कां-कूं करतात. वर जो ३२३ चा आकडा मी दिला तो त्याच्याच वहीतला. त्याने नोंद ठेवली नसती तर आपण किती उधळलं हेही आपल्याला कळलं नसतं. दुसरे जोसेफ फार्मन. त्यांच्या ब्रिटिश संस्थेची माणसं १९५० च्या दशकापासून अंटार्क्टिकावरच्या हॅली बे या ठाण्यावर ओझोन मोजत होती, खालून, जमिनीवर उभं राहून. आकडे उतरत चालले आहेत हे त्या नोंदींत दिसलं आणि १९८५ साली त्यांनी दोन सहकाऱ्यांसह ते प्रसिद्ध केलं. ओझोनच्या थराला पडलेलं भगदाड हे असं खालून सापडलं. मग उपग्रहांच्या चित्रांनी ते वरून सगळ्या जगाला दाखवलं आणि १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला. पुढे जगातल्या झाडून सगळ्या देशांनी तो मान्य केला. अंटार्क्टिकावरचा ओझोन २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीला येईल, असा अंदाज आहे. तेव्हा मी असलो तर नव्वदीच्या घरात, पेन्शनच्या रांगेत असेन. पण कुणीतरी खात्यात पैसे परत भरले हे पाहायला मला आवडेल.

आणि हे वाटतं तेवढं सोपं नाही. आमच्या बँकेत जोडखात्याला एक सोय असते, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’. म्हणजे दोघांपैकी कुणीही एकाने सही करावी आणि पैसे काढावेत. नवराबायकोच्या खात्यावरसुद्धा या सोयीने महाभारतं घडलेली मी पाहिली आहेत. पृथ्वीचं खातं आठशे कोटी माणसांच्या नावावर आहे आणि सोय तीच. पैसे काढायला कुणाही एकाची सही चालते. खर्च थांबवायला सगळ्यांच्या सह्या लागतात. अशा खात्यावर एकदा का होईना सगळ्यांच्या सह्या मिळाल्या, हे मला चंद्रावर जाण्यापेक्षा कठीण काम वाटतं.

आता शेवटचा एक मुद्दा, तोही आमच्याच धंद्यातला. खातं उघडताना फॉर्मात नॉमिनीचा रकाना असतो. पुष्कळांना वाटतं, नॉमिनी म्हणजे आपल्या मागे पैशाचा मालक. तसं नसतं. नॉमिनी हा फक्त पैसे ताब्यात घेणारा विश्वस्त. खरे मालक वारस. नॉमिनीने ते पैसे सांभाळून वारसांच्या हाती द्यायचे असतात. मला वाटतं आपली सगळी गफलत या एका रकान्यात झालेली आहे. आजी-पणजीने पृथ्वी सोडताना नॉमिनी म्हणून आपलं नाव लिहिलं आणि आपण मालकाच्या थाटात चेकबुक मागवलं. वारस अजून काउंटरवर आलेलेच नाहीत. काहींचा तर जन्म व्हायचा आहे.

माणसं फॉर्म भरताना फार घाईत असतात. नाव, पत्ता, जन्मतारीख भराभर लिहितात, सह्या न वाचता ठोकतात, मधूनच घड्याळ पाहतात. पण नॉमिनीच्या रकान्यापाशी बहुतेकांचं पेन थांबतं. उग्र दिसणारे गृहस्थही क्षणभर कुठेतरी लांब पाहतात आणि मग हळूच, अक्षर जरा नीट काढून, एखाद्या मुलाचं किंवा नातीचं नाव लिहितात. अशा वेळी मी घाई करत नाही. मागची रांग कुरकुरते; तिला कुरकुरू द्यावं.